जहाज गेलं असं समजूनच निघा

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात जहाज फुटलं की ते गेलं. थोड्या वेळाने पुन्हा जिवंत होऊन त्याच जहाजात बसायची सोय नाही. त्यावर चढवलेलं प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे बंदूक, इंजिन असं सामान, साधारण अर्ध्या शक्यतेने नष्ट होतं. जे वाचतं ते अवशेषात पडून राहतं आणि बहुतेक वेळा जिंकणारा उचलून नेतो. विमा असतो, पण जहाजाच्या सांगाड्यापुरता. वरच्या सामानाचं काही मिळत नाही. ६ मे २००३ ला सुरू झालेल्या या खेळाचा कणाच हा आहे. त्यामुळे आमच्या कॉर्पमधल्या, म्हणजे खेळाडूंच्या गटातल्या, नवख्यांना मी पीव्हीपी, म्हणजे खेळाडूविरुद्ध खेळाडू लढाई, शिकवते तेव्हा नेमबाजीपासून सुरुवात करत नाही. पैशांपासून करते.

माझा नियम सोपा आहे. तुमच्या पाकिटातल्या पैशात तेच जहाज, सगळ्या सामानासकट, दहा वेळा घेता येत असेल तरच ते लढाईला न्यायचं. आणि घ्यायचं ते एक नाही, दहाच घ्यायची, एकाच वेळी. दहाही एकसारखी सजवायची आणि जिथे लढायचं आहे तिथल्या जवळच्या स्टेशनात नेऊन ठेवायची. ज्या दिवशी विकत घेतली त्याच दिवशी ती रक्कम खर्ची टाकायची, वहीत लिहायचं "गेले". त्यानंतर एखादं जहाज परत आलं तर तो फायदा.

"गमवायला परवडत नाही ते उडवू नका" हे जुने खेळाडू पहिल्या दिवसापासून कानात सांगतात. बरोबर आहे, पण अपुरं आहे. हे ऐकून नवखा एक स्वस्त फ्रिगेट, म्हणजे लहान लढाऊ जहाज, घेतो, ती फुटते, मग नवीन आणायला जीता या मुख्य बाजारापर्यंत, एका ताऱ्याच्या सिस्टिममधून दुसऱ्यात अशा वीसतीस उड्या मारत जातो, पुन्हा सगळं सामान गोळा करतो, परत येतो. तोपर्यंत लढाईत नेमकं काय झालं ते विसरलेलं असतं आणि उत्साहही संपलेला असतो. खरा तोटा त्या फ्रिगेटचा नव्हताच. स्टेशनात नऊ जहाजं तयार उभी असली की दहा मिनिटांत पुन्हा बाहेर पडता येतं, आणि जहाज तेच असल्यामुळे दोन लढायांची तुलनाही करता येते. दर वेळी वेगळं जहाज घेणाऱ्याला आपण जहाजामुळे हरलो की हातामुळे, हे कधीच कळत नाही.

गमावण्याचं दुःख मिळवण्याच्या आनंदापेक्षा जड असतं, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस त्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलं. लढाईत ते डोळ्यांना दिसतं. महागड्या जहाजातला घाबरलेला माणूस उशिरा आत शिरतो आणि लवकर बाहेर पडायला बघतो. म्हणजे धड लढतही नाही, धड पळतही नाही. नेमका तोच मरतो. जहाज आधीच खर्ची टाकलेलं असलं की डोकं समोरच्याकडे लागतं.

कोणतं जहाज घ्यायचं? मी पहिल्या दहांसाठी मर्लिन सांगते. शील्ड (ऊर्जेचं कवच) जाड असतं, ब्लास्टर (जवळून मारणाऱ्या बंदुका) बसतात, आणि मधल्या स्लॉटमध्ये, म्हणजे सामान बसवायच्या जागांत, इंजिन, स्क्रॅम (शत्रूला पळू न देणारं), वेब (त्याचा वेग कमी करणारं), शील्ड वाढवणारं मॉड्यूल हे सगळं मावतं. जवळ जायचं, धरायचं, ठोकायचं, एवढंच काम. इन्कर्ससमध्ये चिलखत दुरुस्त करणारं यंत्र सांभाळत बसावं लागतं, ट्रिस्टनमध्ये ड्रोन. दोन्ही उत्तम जहाजं आहेत, पण सुरुवातीला बटणं जितकी कमी तितकं बरं. रिफ्टरचे चाहते इथे माझ्याशी भांडतात. भांडू देत.

बाहेर पडण्याआधी आणखी एक गोष्ट बघा: तुमच्या क्लोनमध्ये, म्हणजे पात्राच्या शरीरात, महागडे इम्प्लांट (क्षमता वाढवणारे भाग) आहेत का? जहाज फुटल्यावर तुम्ही पॉडमध्ये, म्हणजे छोट्या कुपीत, असता. पॉडही फुटला तर इम्प्लांट जातात. लढाईसाठी इम्प्लांट नसलेला जंप क्लोन, म्हणजे ज्यात जाता येतं असं दुसरं शरीर, ठेवा. कौशल्यं मात्र जात नाहीत. पूर्वी क्लोन अद्ययावत नसेल तर कौशल्याचे गुणही बुडायचे, तो प्रकार २०१४ च्या शेवटी बंद झाला. २०१६ च्या नोव्हेंबरपासून अल्फा खात्यावर फुकट खेळता येतं आणि मर्लिन त्यात येते. तेव्हा शिकायला खरे पैसे लागतात, ही सबब आधीच बाजूला काढते.

आता जागा. ०.५ आणि त्यावरच्या सुरक्षेच्या भागात कॉनकॉर्डचे पोलीस असतात. ते तुम्हाला वाचवत नाहीत, तुम्हाला मारणाऱ्याला शिक्षा करतात. तोवर तुमचं जहाज गेलेलं असू शकतं. ०.० आणि खालच्या भागात बबल टाकता येतात, म्हणजे ठरावीक घेरातल्या जवळजवळ कोणालाच वॉर्प करता, म्हणजे प्रचंड वेगाने लांब निघून जाता, येत नाही, पॉडलाही नाही. वर्महोलमध्ये तर समोरचा स्वतः बोलल्याशिवाय लोकल यादीत (त्या सिस्टिमच्या चॅटमधल्या खेळाडूंच्या यादीत) त्याचं नावच येत नाही. शिकायला मधला पट्टा बरा, ०.१ ते ०.४ चा. तिथे बबल नाहीत, गेटवर आधी गोळी झाडणाऱ्यावर गेटच्या तोफा चालतात, आणि मुख्य म्हणजे तिथे फॅक्शन वॉरफेअरचे, म्हणजे खेळातल्या साम्राज्यांच्या युद्धाचे, कॉम्प्लेक्स (लढाईच्या जागा) आहेत.

या कॉम्प्लेक्सचा फायदा नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आत जायला एक प्रवेगक गेट असतं आणि लहान कॉम्प्लेक्सच्या गेटमधून ठरावीक आकाराहून मोठं जहाज जाऊच शकत नाही. शिवाय बाहेरून येणारा प्रत्येक जण आत एकाच ठिकाणी, बीकन या खुणेजवळ उतरतो. म्हणजे तुम्ही आधीच आत बसला असाल तर लढाई किती अंतरावरून सुरू होणार हे तुम्ही ठरवता. मर्लिनमध्ये असाल तर बीकनला चिकटून बसा. तो उतरेल तो थेट तुमच्या ब्लास्टरपुढे.

आत बसल्यावर हाताला काम एकच: डायरेक्शनल स्कॅनर, म्हणजे आसपासची जहाजं दाखवणारं साधन. त्याचा पल्ला १४.३ एयू आहे (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर). काही सेकंदांनी दाबत राहायचं आणि नजर यादीवर ठेवायची. कोणी तुमच्या गेटवर आला की जहाजाचं नाव दिसतं आणि ठरवायला थोडे सेकंद मिळतात. तेवढ्यात तीन गोष्टी विचारा. हे जहाज जवळून लढतं की लांबून? माझं सामान त्याला धरून ठेवू शकेल का? तो एकटा आहे का? पनिशरला मधले स्लॉट दोनच असतात, त्यामुळे इंजिन आणि स्क्रॅम ठेवलं की वेबला जागा उरत नाही. त्याच्याशी लढताना वेग तुमच्या हातात असतो. ॲट्रॉन चपळ पण नाजूक. केस्ट्रेल बहुधा लांब राहून क्षेपणास्त्रं सोडणार, पण बीकनवर तुमच्या पुढ्यात उतरली तर तिची पंचाईत. डेअरडेव्हिल किंवा ड्रॅमिएलसारखी महागडी पायरेट फ्रिगेट दिसली तर सुरुवातीला निघून जा. तिला कोण चालवतंय ते बघण्याची हौस नंतर.

लढाईचा गाभा अंतरात आहे. तीन आकडे पाठ करा. दुसऱ्या श्रेणीचा वॉर्प स्क्रॅम्बलर (स्क्रॅम) ९ किलोमीटरपर्यंत धरतो आणि शत्रूचं मायक्रोवॉर्पड्राइव्ह, म्हणजे वेग वाढवणारं इंजिन, बंद पाडतो. वेब १० किलोमीटरपर्यंत पोहोचतं आणि वेग निम्म्याहून खाली आणतं. दुसऱ्या श्रेणीचा वॉर्प डिसरप्टर २४ किलोमीटरपर्यंत धरतो, पण इंजिन बंद पाडत नाही. त्यामुळे फ्रिगेटची बहुतेक भांडणं ९ आणि २४ यांच्या मधल्या पट्ट्याची असतात. काइट करणारा त्या पट्ट्यात तरंगत राहतो: तुम्ही पळू शकत नाही, आणि तुमच्या बंदुका त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. जवळून लढणारा तो पट्टा ओलांडून आत शिरायला बघतो. तुम्ही कोणत्या बाजूचे आहात हे जहाज सजवतानाच ठरलेलं असतं. लढताना फक्त ते विसरायचं नसतं.

काइट करणाऱ्याने पकडलं तर त्याच्या मागे सरळ धावू नका. तो तुमच्याहून वेगवान आहे म्हणूनच तर काइट करतोय. त्याच्यापासून उलट दिशेला धावा. धरून ठेवायचं असेल तर त्याला मागे यावं लागतं. तो वेग घेऊन तुमच्याकडे येऊ लागला की एकदम वळा आणि त्याच्या अंगावर जा. त्याला वळायला वेळ लागतो, तेवढ्यात स्क्रॅमच्या पल्ल्यात आला तर इंजिन बंद. हे पहिल्या काही वेळा जमणार नाही, पण जमलं की त्या माणसाचा दिवस खराब होतो. यासाठी ऑर्बिटचं (आपोआप घिरट्या घालण्याचं) बटण सोडून अवकाशात डबल क्लिक करून जहाज हाताने वळवायला शिकलं पाहिजे. आणि बंदुकीवाल्याकडे कधीही नाकासमोर सरळ जाऊ नका. बंदुकीची नळी तुमच्या आडव्या वेगाबरोबर फिरते. सरळ आलात तर आडवा वेग शून्य, आणि प्रत्येक गोळी लागते. तिरके, गोल वळत या. क्षेपणास्त्रांचं गणित वेगळं: त्यांना तुमचा वेग आणि सिग्नेचरचा (जहाज सेन्सरला केवढं दिसतं त्याचा) आकार महत्त्वाचा. मायक्रोवॉर्पड्राइव्ह चालू केलं की सिग्नेचर ५०० टक्क्यांनी फुगते, म्हणून केस्ट्रेलसमोर ते उगाच चालू ठेवू नका.

ओव्हरहीट. हे वेगळं लिहिते कारण नवख्यांच्या पराभवाच्या नोंदी वाचताना मला सगळ्यात जास्त वेळा हेच दिसतं: वापरलंच नाही. मॉड्यूल तापवलं की ते जास्त चालतं आणि हळूहळू जळतं. स्क्रॅम तापवला की पल्ला २० टक्के वाढतो, ९ चा १०.८ होतो, आणि तेवढ्या फरकावर लढाया फिरतात. धरायच्या क्षणी स्क्रॅम तापवा, धरल्यावर थंड करा. बंदुका मात्र लढाई पक्की झाली की तापवा. जळाल्या तर जळाल्या. जहाज आपण खर्ची टाकलेलं आहे ना?

हात थरथरतील. पहिल्या लढायांत सगळ्यांचे थरथरतात, काही जुन्या खेळाडूंचे अजून थरथरतात आणि ते त्यासाठीच खेळतात असं त्यांचं म्हणणं आहे. त्यावर माझ्याकडे दोन उपाय आहेत. एक, बटणांचा क्रम कायम एकच ठेवा आणि तोंडाने म्हणा: लॉक, स्क्रॅम, वेब, बंदुका, हीट. एकटे असलात तरी मोठ्याने म्हणा. दोन, हे लक्षात ठेवा की ईव्हचा सर्व्हर सेकंदाला एकदाच हिशोब करतो. काउंटर-स्ट्राइकचा सर्व्हर तोच हिशोब सेकंदाला ६४ वेळा करतो. तिथे बोटांची चपळाई कामाला येते. इथे एका सेकंदात बटण पाच वेळा बडवून काही मिळत नाही. श्वास घ्यायला वेळ आहे.

चिलखत संपून सांगाड्याला मार लागू लागला की हरलात. आता जहाज सोडा, पॉड वाचवा. यादीतला एखादा ग्रह आधीच निवडून ठेवा आणि वॉर्पचं बटण दाबत राहा. जहाज फुटेल त्या क्षणी पॉड निघून जाईल. बबल नसलेल्या भागात हे जमवता येतं. मग लोकलमध्ये "जीएफ" लिहा, छान लढाई झाली म्हणून. लिहायची इच्छा नसेल तरी लिहा, कारण पुढच्या पायरीसाठी त्या माणसाशी बोलायचं आहे.

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही असं म्हणतात, पण नुसती पडणारी माणसं बुडतातही. हरण्यातून आपोआप काही शिकायला मिळत नाही. शंभर जहाजं घालवून जिथल्या तिथे असलेले खेळाडू मी पाहिलेत. जहाज फुटलं की किलमेल येतं. त्यात तुमच्यावर काय काय बसवलेलं होतं, कोणी किती मारा केला, काय नष्ट झालं, काय पडलं हे सगळं असतं. का हरलात ते नसतं. त्यासाठी लढाईची नोंद उघडा, जिथे प्रत्येक गोळीचा निकाल असतो. तुमच्या निम्म्या गोळ्या चुकल्या असतील तर अडचण अंतराची किंवा आडव्या वेगाची आहे, ताकदीची नाही. सगळ्या लागून हरलात तर त्याचं जहाज तुमच्याहून जड होतं आणि तुम्ही गेटवर त्याला ओळखलं नाही.

मग वहीत तीन ओळी. लढाई किती किलोमीटरवरून सुरू झाली? अंतर कोण ठरवत होतं, मी की तो? शेवटी माझ्याकडे न वापरलेलं काय शिल्लक होतं, दुसरा दारूगोळा, हीट, एखादं मॉड्यूल? यातून एकच कारण निवडा आणि पुढच्या जहाजात तेवढंच बदला. एका रात्रीत फिटिंग (जहाजावरच्या सामानाची मांडणी), जागा, दारूगोळा सगळं बदलणारा पुन्हा शून्यावर येतो.

आणि जिंकणाऱ्याला विचारा. "तुम्हाला माझं काय दिसलं?" एवढंच. ईव्हमधले लोक बदनाम आहेत, फसवणूक, हेरगिरी, सगळं चालतं, पण हा प्रश्न विचारला की बहुतेक जण मनापासून उत्तर देतात, आपली फिटिंगसुद्धा पाठवतात. ज्याने आत्ताच तुमचं जहाज फोडलं त्याच्याइतकं तुमच्याकडे नीट बघणारं दुसरं कोणी नसतं.

काही पराभव मात्र या वहीत घेऊच नका. गेटवर वीस जणांनी घेरून दोन सेकंदांत फोडलं, यात लढाईचं शिक्षण नाही. त्यातून शिकायचं ते नकाशा वाचणं: गेल्या तासात कोणत्या सिस्टिममध्ये किती जहाजं फुटली ते खेळातला नकाशाच दाखवतो, निघण्याआधी तो बघा. गेटमधून उडी मारल्यावर हललात नाही तर ६० सेकंद कोणालाच दिसत नाही. तेवढ्यात आजूबाजूला बघून ठरवा. आणि एकदा गोळी झाडलीत की ६० सेकंद गेटमधून परत उडी मारता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. लघुग्रहांच्या पट्ट्यात एकटं, निवांत खाण करणारं प्रोक्युरर दिसलं आणि तोंडाला पाणी सुटलं तर थांबा. ते जहाज जाड कातडीचं असतं आणि आमिष म्हणून लावायला लोकांना फार आवडतं. तसंच, चार जणांनी मिळून एकाला फोडलं तो विजयही मोजू नका. मजा घ्या, मोजू नका.

मोठ्या आघाड्यांनी तोट्याचा हिशोब कसा बसवलाय तेही बघण्यासारखं आहे. २०१४ च्या जानेवारीत बी-आर५आरबी नावाच्या सिस्टिममध्ये ताब्याचं बिल भरायचं राहून गेलं आणि त्यावरून पेटलेल्या लढाईत ७५ टायटन, म्हणजे खेळातली सर्वांत मोठी जहाजं, फुटले, जे बांधायलाच महिने लागायचे. आघाडीसाठी लढून जहाज गेलं तर भरपाई मिळते, ही पद्धत अशा ठिकाणी रूढ आहे. तुमच्या कॉर्पचा भरपाईचा नियम काय आहे ते सामील होतानाच विचारा. एक धोका सांगते: जहाज फुकट मिळालं की कोणी मागे वळून बघत नाही. म्हणून आमच्याकडे वहीतल्या तीन ओळी दाखवल्याशिवाय भरपाई मिळत नाही. कुरकुर होते, पण ओळी येतात.

दुसरे खेळ खेळत असाल तर पद्धत हीच, तपशील बदलतात. अल्बियन ऑनलाइनमध्ये निळ्या आणि पिवळ्या भागात फक्त आडवे पडता. लाल आणि काळ्या भागात अंगावरचं सगळं जातं. तेव्हा दहा संच तयार करून मगच लाल भागात जा. एस्केप फ्रॉम टार्कोव्हमध्ये विमा उतरवलेली वस्तू कोणी उचलली नाही तरच परत येते, आणि स्कॅव्ह, म्हणजे खेळानेच सामान दिलेलं पात्र, बनून गेलं तर स्वतःचं काहीच पणाला लागत नाही. नकाशा शिकायला स्कॅव्ह उत्तम, लढाई शिकायला नाही; हातात काय बंदूक येईल त्याचा भरवसा नसतो. रस्टच्या अधिकृत सर्व्हरवर दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी नकाशा पुसला जातो, तिथे साठवून ठेवणाऱ्यांची मला गंमत वाटते.

खऱ्या पैशांबद्दल एकच, पण कडक. प्लेक्स खऱ्या पैशांनी विकत घेऊन खेळात विकता येतं. ज्या दिवशी जहाज गेलं त्या दिवशी प्लेक्स घ्यायचं नाही, कितीही स्वस्त असलं तरी. आणि एकाच माणसाने लागोपाठ दोनदा फोडलं तर त्या दिवशी त्याच्यामागे तिसऱ्यांदा जायचं नाही. त्या वेळी तुम्ही लढत नसता, वसुली करत असता, आणि समोरच्याला ते कळतं.

दहा जहाजं संपली की सगळ्या नोंदी एका बैठकीत वाचा. सहा ठिकाणी "अंतर तो ठरवत होता" असेल तर हाताने जहाज वळवण्याचा सराव हवा. "हीट शिल्लक" परत परत येत असेल तर बटणांचा क्रम बदला. मग तुम्हाला सर्वांत जास्त वेळा कोणत्या जहाजाने फोडलं ते मोजा आणि पुढची दहा तीच घ्या. केस्ट्रेल असेल तर केस्ट्रेल. दोनतीन रात्रींत कळेल की बीकनवर बसलेली मर्लिन गेटपलीकडून कशी दिसते, आणि तिच्यातला माणूस घाबरला की पहिल्यांदा कोणतं बटण दाबतो.